दारची शेवंती

आमच्या साक्षरता वर्गाला एक सूनबाई येत असत. वर्ग रात्री भरे. दिवसाची कामे उरकून बाया येत. कुणी पाटी घेऊन येई, कुणी मुलाची अर्धी कोरी वही घेऊन येई. या सूनबाई कधी चुकत नसत. २०१९ सालची दिवाळी झाली, आणि त्या चार दिवस आल्याच नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, पण गप्पच बसून राहिल्या. वर्ग सुटला. बाकीच्या बाया निघून गेल्या. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बाई, माझ्या शिवण्यानं झाड वांझ होतं का हो?"

आम्ही विचारले, "कुठलं झाड?"

मग त्यांनी सगळे सांगितले. त्यांच्या सासूबाईंना शेवंतीची फार हौस. गाव त्यांना आजी म्हणते. आजींच्या परसात शेवंतीच्या दोन ओळी आहेत. एक विहिरीकडे, दुसरी गोठ्याकडे. दोन्ही ओळी एकाच दिवशी लावलेल्या. काश्या एकाच झाडाच्या, खत सारखे, पाणी सारखे. दिवाळीला विहिरीकडची ओळ पिवळीधमक झाली. गोठ्याकडची ओळ मात्र नुसती हिरवीगार. गुडघ्याच्या वर झाडे गेली, पण औषधाला एक कळी नाही.

आजी म्हणाल्या, "माझ्या हातची झाडं अशी कधी केली न्हाईत. अडचणीच्या दिवसांत कुणीतरी शिवलं असंल."

घरात 'कुणीतरी' म्हणजे एकटी सून. गोठ्याकडच्या ओळीला पाणी तीच घाली. त्या दिवसापासून सूनबाईंना परसात जायची बंदी झाली. शेजारच्या घरीही बोलणे गेले. शेजारीण म्हणाली, "माझ्या तुळशीजवळनं जाऊ नगं गं बाई."

आम्ही त्या रात्री काही उत्तर दिले नाही. "उद्या तुमचं परस बघायला येतो," एवढेच म्हणालो. तुम्हांलाही आम्ही उत्तर लगेच सांगणार नाही. आधी शेवंतीचे झाड नीट ओळखू या. झाड ओळखले की उत्तर तुमचे तुम्हांलाच सापडेल.

शेवंती कशी असते

शेवंतीचे झाड लहान असते. साधारण गुडघ्याएवढे, कधी मांडीएवढे वाढते. पाने कातरलेली असतात. चुरगळली तर उग्र वास येतो. फुले पिवळी, पांढरी, जांभळट, तांबूस अशी अनेक रंगांची असतात.

आपण ज्याला एक फूल म्हणतो, ते खरे तर एक फूल नव्हे. तो फुलांचा झुबका आहे. एक फूल घ्या आणि पाकळ्या उपटून पाहा. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक बारीक नळी दिसेल. ती एकेक पाकळी म्हणजेच एकेक फूल. झेंडूचे आणि सूर्यफुलाचेही असेच असते.

शेवंती मूळची आपल्याकडची नव्हे. चीन देशात ती फार पूर्वीपासून लावतात. तिथून ती जपानात गेली. जपानच्या राजघराण्याची खूण म्हणजे सोळा पाकळ्यांची शेवंती. आता ती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की हार, वेणी आणि देवपूजा तिच्याशिवाय होत नाही. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांत शेतकरी शेवंतीचे मळे करतात. झिपरी, राजा, बग्गी, सोनाली तारा, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी ही तिच्या जातींची नावे आहेत.

मळा करायला जमीन लागते, पैसा लागतो. पण दारात दहा-पंधरा झाडे लावायला काहीच विकत आणावे लागत नाही. शेजारणीकडून चार काश्या मागून आणाव्या. काश्या म्हणजे काय, ते पुढे येईलच.

जागा कशी निवडावी

शेवंतीला दोन गोष्टी हव्यात. पहिली गोष्ट ऊन. दिवसातून पाच-सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा पाहावी. झाडाखालच्या दाट सावलीत ती नुसती उंच वाढते आणि लोळते.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा निचरा. शेवंतीला पाणी आवडते, पण पायाशी साचलेले पाणी सोसत नाही. पावसाळ्यात जिथे डबके होते, तिथे ती लावू नये. तिची मुळे कुजतात. वरून पाने पिवळी पडतात, माना टाकतात. माणसाला वाटते झाड तहानले, म्हणून तो आणखी पाणी घालतो. झाड मग मरतेच.

काळी चिकण माती असेल तर तिच्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. वीतभर उंच वरंबा करावा आणि वरंब्यावर झाड लावावे. पाणी सरीतून वाहून जाते, मुळे कोरडी राहतात.

न्हाणीचे पाणी बहुतेक घरी अंगणात सोडून देतात. त्याचा चिखल होतो. चिखलात डास होतात. हेच पाणी लहान चर काढून झाडांकडे न्यावे. चिखलही जाईल, झाडेही जगतील. पण धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र झाडाला घालू नये.

काश्या लावणे

शेवंतीचे बी पेरून आपल्याला हवे तसे फूल मिळत नाही. बियांपासून झालेले झाड आईसारखे निघेलच असे नाही. म्हणून शेवंती काश्यांपासून लावतात.

फुले संपली, की जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती जमिनीतून नवे फुटवे येतात. त्या फुटव्यांना काश्या म्हणतात. प्रत्येक फुटव्याला खाली स्वतःची मुळे असतात. एका झाडाला असे पुष्कळ फुटवे येतात.

एप्रिल-मे महिन्यांत जुने झाड मुळांसकट हलक्या हाताने उकरावे. काश्या एकेक करून वेगळ्या कराव्या. ठणठणीत काश्या ठेवाव्या. वाळक्या, काळ्या पडलेल्या टाकून द्याव्या. उन्हाळ्यात पाण्याची सोय नसेल, तर हेच काम पावसाळ्याच्या तोंडाशी करावे.

दोन झाडांत एक फुटाचे अंतर ठेवावे. दोन ओळींत दोन फूट ठेवावे. संध्याकाळी लावावे. लावल्यावर माती बोटांनी दाबावी आणि लगेच पाणी द्यावे. पहिले आठ दिवस दुपारच्या उन्हात वर पळसाची पाने किंवा पाचटाची सावली करावी.

नावाची पाटी लावा

आता एक गोष्ट सांगतो. ती वाचता येणाऱ्या माणसाच्याच उपयोगाची आहे.

फुले नसताना पिवळी शेवंती आणि पांढरी शेवंती सारखीच दिसतात. पाने पाहून ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. एप्रिलमध्ये काश्या काढताना घोटाळा होतो. पांढरी म्हणून लावावी आणि दिवाळीला पिवळी निघावी.

आजी आपल्या झाडांना रंगीत दोरे बांधत. पिवळीला पिवळा दोरा, पांढरीला पांढरा. एका पावसाळ्यात सगळे दोरे मातीच्या रंगाचे झाले.

तुम्हांला आता लिहिता येते. डब्याच्या पत्र्याचा तुकडा घ्या. त्यावर खिळ्याने कोरून लिहा: 'पांढरी रेवडी, मे महिना.' काठीला बांधा आणि ओळीच्या टोकाला रोवा. खिळ्याने कोरलेले अक्षर पावसाने जात नाही.

शेंडा खुडणे

लावल्यावर महिन्याभराने झाड वीतभर होते. तेव्हा त्याचा कोवळा शेंडा नखाने खुडावा. पुष्कळांना हे करताना जिवावर येते. "वाढतं झाड मोडायचं कशाला?" असे म्हणतात.

पण शेंडा खुडला नाही तर झाड एकाच काडीवर उंच जाते. वर चार फुले येतात, आणि वाऱ्याने झाड आडवे होते. शेंडा खुडला की बगलांतून फांद्या फुटतात. झाड बुटके आणि घेरदार होते. जितक्या फांद्या, तितकी फुले.

नव्या फांद्या चार बोटे वाढल्या, की त्यांचेही शेंडे एकदा खुडावे. ऑगस्ट संपला की मात्र खुडणे बंद करावे. पुढे कळ्या धरायच्या असतात. उशिरा खुडले तर कळ्याच हातात येतील.

खत, पाणी आणि आधार

लावण्यापूर्वी जमिनीत कुजलेले शेणखत घालावे. ताजे शेण घालू नये. त्याने मुळांना इजा होते आणि हुमणीही लागते. पुढे महिन्यातून एकदा ओंजळभर शेणखत बुंध्यापासून चार बोटे दूर घालावे आणि मातीत मिसळावे. निंबोळी पेंड मिळाली तर मूठभर घालावी.

पावसाळ्यात पाऊस पुरतो. उघडीप पडली तर पाणी द्यावे. बोट मातीत खुपसून पाहावे. माती ओली लागली तर पाणी नको. पाणी बुंध्याशी घालावे, पानांवर मारू नये. पाने सतत ओली राहिली, की त्यांवर काळे-तपकिरी ठिपके पडतात. असा रोग खालच्या पानांपासून वर चढतो. ठिपक्यांची पाने तोडून जाळून टाकावी.

कळ्या धरू लागल्या की झाडाला तुरकाटीचा आधार द्यावा. फुलांच्या भाराने फांद्या वाकतात आणि मातीला टेकतात.

मावा आला तर

कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर काळे, बारीक, मऊ किडे दाटी करून बसतात. हा मावा. तो झाडाचा रस शोषतो. मुंग्या शेंड्यावर जा-ये करू लागल्या, की समजावे मावा आला. मावा गोड चिकटा सोडतो, तो खायला मुंग्या येतात.

थोडा मावा असेल तर बोटांनी पुसून काढावा. जास्त असेल तर निंबोळीचा अर्क करावा. वाळलेल्या निंबोळ्या कुटून भुगा करावा. ५० ग्रॅम भुगा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी फडक्याने गाळून घ्यावा. त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा. उन्हे उतरल्यावर शेंड्यांवर आणि पानांच्या खालच्या बाजूला फवारावा. आठ दिवसांनी पुन्हा फवारावा.

गोठ्याकडे काय होते?

आता आजींच्या परसाकडे वळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो. गोठ्याकडच्या ओळीची माती पाहिली. माती चांगली होती. मुळे पाहिली. मुळे पांढरी, ताजी होती. मावा नव्हता. ठिपके नव्हते. झाडे आजारी नव्हतीच. उलट विहिरीकडच्या झाडांपेक्षा उंच होती. आमचेही डोके चालेना.

मग आम्ही संध्याकाळी पुन्हा गेलो. दिवेलागण झाली. सूनबाईंच्या धाकट्या दिराने बटण दाबले, आणि गोठ्याच्या दारावरचा विजेचा दिवा लागला. उजेड थेट त्या ओळीवर पडला. विहिरीकडची ओळ भिंतीआड अंधारात होती.

आम्ही विचारले, "हा दिवा कधी लावला?"

दीर म्हणाला, "औंदाच पावसाळ्यात. गोठ्यात नाग निघाला व्हता. तवापासनं रातभर चालू ठेवतो."

इथे उत्तर सापडले. तुम्हांलाही सापडले असेल.

शेवंती रात्र मोजते

शेवंती दिवाळीच्या सुमारासच का फुलते? कॅलेंडर तिला कोण दाखवते? अनेकांना वाटते, थंडी पडली म्हणून ती फुलते. थंडीचा थोडा उपयोग होतो. पण मुख्य कारण वेगळे आहे. शेवंती रात्रीची लांबी मोजते.

आपल्या भागात जून महिन्यात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. रात्र लहान असते. तेव्हा शेवंती फक्त पाने आणि फांद्या वाढवते. मग दिवस लहान होत जातो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी होतात. पुढे रात्र मोठी होते. डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा आणि रात्र तेरा तासांची असते. रात्री अशा वाढू लागल्या, की शेवंतीच्या पानांना त्याची खबर लागते. पाने शेंड्याकडे निरोप धाडतात. शेंडा पाने काढायचे थांबवतो आणि कळी धरतो.

हे काम सलग अंधारात होते. अंधार मध्येच तुटला, तर झाडाचा हिशेब चुकतो. रोज मध्यरात्री दोन-चार तास जवळून दिवा लावला, तरी लांब रात्रीचे दोन लहान तुकडे होतात. झाडाला वाटते, अजून उन्हाळ्याच्याच रात्री आहेत. ते कळी धरत नाही. मग रात्रभर दिवा असेल तर काय होईल? चांदण्याने असे बिघडत नाही. चांदणे फार मंद असते.

१९२० साली अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळाभर नुसती वाढत राही, फुलत नसे. त्यांनी काही झाडे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवली. त्या झाडांना फुले आली. उघड्यावरची झाडे तशीच राहिली. पुढे कळले, की पुष्कळ झाडे अशी दिवस-रात्रीच्या लांबीवर चालतात. शेवंती त्यांतलीच एक. आज मोठे बागवान या ज्ञानावर पैसे मिळवतात. फुले लवकर हवी असतील तर ते शेवंतीवर काळे कापड झाकतात. फुले उशिरा हवी असतील तर रात्री दिवे लावतात.

सूनबाईंची परीक्षा

हे सगळे आम्ही आजींना सांगितले. आजी ऐकत होत्या, पण मान हलत नव्हती. त्या म्हणाल्या, "दिवा काय झाडाला चावतो? तुमी बुकातलं सांगताय."

खरेच आहे. आजींनी तरी नुसत्या आमच्या शब्दावर का विश्वास ठेवावा? आम्ही म्हणालो, "आजी, बुकातलं सोडा. तुमच्याच परसात करून बघू."

गोठ्याकडच्या ओळीत चौदा झाडे होती. सात झाडांच्या भोवती आणि वर बांबूचा सांगाडा केला. रोज दिवा लागायच्या आधी त्यावर गोणपाट टाकायचे, सकाळी उन्हे आली की काढायचे. उरलेली सात झाडे दिव्याच्या उजेडात तशीच ठेवायची. मध्ये एक अट आम्ही घातली. ती ऐकून आजी चमकल्या. गोणपाटाखालच्या सात झाडांचे सगळे काम सूनबाईंनीच करायचे. महिन्याचे सगळे दिवस. एकही दिवस चुकवायचा नाही. उजेडातल्या सात झाडांना मात्र आजींनी स्वतः पाणी घालायचे. त्यांना सूनबाईंनी बोटही लावायचे नाही.

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "होऊ द्या तर."

सूनबाईंनी वहीत रोजची नोंद ठेवली. तारीख लिहायची. गोणपाट कधी टाकले, कधी काढले, पाणी घातले की नाही, ते लिहायचे. त्यांचे अक्षर तेव्हा वेडेवाकडे होते. 'गोणपाट' हा शब्द त्या पहिल्या आठवड्यात तीन तऱ्हांनी लिहीत. अडचणीच्या चार दिवसांतही पान कोरे राहिले नाही. दोन महिने झाले, तेव्हा वही अर्धी भरली होती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला काम सुरू झाले. पहिला महिनाभर काहीच दिसले नाही. शेजारीण भिंतीवरून पाहायची आणि हसायची. डिसेंबर लागला. एका सकाळी गोणपाट काढताना सूनबाईंना शेंड्यात मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. सातही झाडांना होत्या. उजेडातल्या सात झाडांना एकही नव्हती.

संक्रांतीला ती सात झाडे फुलली. बाकी गावातली शेवंती तेव्हा संपत आली होती. आजींच्या घरी हळदीकुंकू होते. आजींनी पहाटे स्वतः फुले तोडली, वेणी गुंफली. पहिली वेणी त्यांनी सुनेच्या केसांत माळली. बाया बसल्या होत्या. शेजारीणही होती. तिच्याकडे पाहून आजी मोठ्याने म्हणाल्या, "झाडाला दिवा बाधला व्हता. माणूस न्हवं."

दिराने गोठ्याच्या दिव्याला पत्र्याची टोपी केली. उजेड आता गोठ्याच्या दारात पडतो, झाडांवर पडत नाही. साप दिसायचा तो दिसतोच. पुढच्या दिवाळीला, २०२० साली, दोन्ही ओळी बरोबर फुलल्या. आणि बंदी मोडली ती मोडलीच. आजींची तुळसही आता सूनबाईच सांभाळतात.

अडचणीचे दिवस हा बाईच्या शरीराचा नेहमीचा धर्म आहे. त्याने झाड वाळत नाही, लोणचे नासत नाही, देव कोपत नाही. झाड वाळले, तर मुळे पाहा, पाणी पाहा, कीड पाहा, उजेड पाहा. कारण झाडापाशी शोधावे. घरातल्या गरीब माणसाच्या माथी मारू नये.

फुले तोडणे आणि पुढची तयारी

फूल पुरते उमलले की तोडावे. पहाटे किंवा संध्याकाळी तोडावे. भर दुपारी तोडलेले फूल लवकर सुकते. फुले ओल्या फडक्यात ठेवली तर टवटवीत राहतात. घरच्यापुरती ठेवून उरलेली बाजारात नेता येतात. पिकलेले फूल झाडावरच ठेवू नये. तोडत राहिल्याने मागच्या कळ्यांना जोर मिळतो.

फुले संपली की झाड वाळल्यासारखे दिसते. इथे पुष्कळ लोक चूक करतात. झाड मेले असे समजून उपटून टाकतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दुसऱ्याच्या दारी काश्या मागत फिरतात. झाड मेलेले नसते. जमिनीपासून अर्धी वीत ठेवून वरच्या काड्या छाटाव्या. थोडे पाणी देत राहावे. उन्हाळ्यात दुपारची सावली मिळेल असे पाहावे. बुंध्याभोवती नवे फुटवे येतील. त्याच पुढच्या वर्षाच्या काश्या.

आपल्याला पुरतील तेवढ्या ठेवून बाकीच्या वाटून टाकाव्या. आपले झाड कधी रोगाने गेले, तर शेजारच्या दारातून परत मागता येते. आजींनी त्या वर्षी पहिल्या काश्या त्या शेजारणीलाच दिल्या.

वर्षाचे वेळापत्रक (हे उतरून भिंतीवर लावा)

एप्रिल-मे: काश्या वेगळ्या करणे, लावणे, नावाची पाटी रोवणे.
जून-जुलै: पहिला शेंडा खुडणे, निचरा पाहणे.
ऑगस्ट: शेवटचे खुडणे, शेणखत देणे.
सप्टेंबरपासून: रात्री झाडांवर उजेड पडू न देणे, तुरकाटीचा आधार, माव्यावर लक्ष.
ऑक्टोबर ते डिसेंबर: फुले तोडणे.
जानेवारी: छाटणी.
फेब्रुवारी-मार्च: थोडे पाणी, दुपारची सावली.

उजळणी

१. शेवंती बियांपासून का लावत नाहीत?
२. शेंडा खुडल्याने काय फायदा होतो?
३. गोठ्याकडच्या झाडांना दिवाळीला फुले का आली नाहीत?
४. चौदाही झाडांवर गोणपाट टाकले असते, तर आजींची खात्री पटली असती का? का नाही?
५. तुमच्या घरात, गावात, एखाद्या गोष्टीचा दोष उगाच कुणावर येतो का? खरे कारण काय असेल, ते चार ओळींत लिहा. वर्गात वाचून दाखवा.